उंचीचा त्रास: रात्रीचा मुक्काम किती उंचीवर?

समुद्रसपाटीपासून साधारण २५०० मीटरच्या वर गेलं की उंचीचा त्रास कोणालाही होऊ शकतो. हवेत ऑक्सिजन तिथेही २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब कमी झालेला असतो. त्यामुळे ३५०० मीटरवर प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश ऑक्सिजन मिळतो. शरीर याला सरावतं, पण त्याला काही दिवस लागतात. रोज व्यायाम करणाऱ्यांनाही यात सूट नाही. दम टिकतो म्हणून ते भराभर वर जातात आणि रात्री डोकं धरून बसतात.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे तुम्ही झोपता ती उंची. दिवसा उंच खिंडीपर्यंत जाऊन रात्री खाली मुक्काम केला तर शरीराला ते पेलतं. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एकाच ठिकाणी दोन रात्री काढा. लेह, तिबेटमधलं ल्हासा किंवा पेरूमधलं कुस्को अशा उंच ठिकाणी विमानाने थेट उतरणाऱ्यांना टप्प्याटप्प्याने चढायला मिळतच नाही. त्यांनी पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी, फार तर गावातल्या गावात सावकाश हिंडावं. लक्षणं बहुधा पोहोचल्यावर ६ ते १२ तासांनी सुरू होतात, त्यामुळे उतरल्या उतरल्या ठणठणीत वाटलं म्हणून हे दोन दिवस कापू नका.

थेट उंचावर जाणार असाल किंवा पूर्वी त्रास झाला असेल तर डॉक्टरांना असेटाझोलामाइडबद्दल (डायमॉक्स) विचारा. प्रौढांसाठी नेहमीचा प्रतिबंधक डोस १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. गोळी चढण्याच्या आदल्या दिवशी सुरू करतात आणि वरच्या मुक्कामी पोहोचल्यावर किमान दोन दिवस चालू ठेवतात. बोटांना मुंग्या येणं आणि लघवीला वारंवार जावं लागणं अपेक्षितच आहे. सल्फा गटातल्या औषधांची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण असेल तर ते आधी सांगा.

पाणी तहानेपुरतं प्या. लघवी फिकट पिवळी असली की पुरे. लिटरवारी पाणी ढोसून उंचीचा त्रास टळत नाही. उलट रक्तातलं सोडियम घसरून डोकं दुखतं, मळमळतं, आणि मग त्रास नेमका कशाचा हेच कळेनासं होतं. दारू आणि झोपेच्या गोळ्या पहिले काही दिवस वर्ज्य, कारण त्यांनी झोपेतला श्वास मंदावतो. झोपेत श्वास क्षणभर थांबून पुन्हा जोरात सुरू होणं मात्र उंचीवर नेहमीचं आहे. त्याने दचकून जाग आली तरी घाबरू नका.

डोकेदुखी, आणि सोबत मळमळ, भूक मरणं, चक्कर किंवा गळून जाणं यांपैकी काहीही असेल तर दुसरं कारण सापडेपर्यंत तो उंचीचाच त्रास समजा. आहे तिथेच थांबा. नेहमी चालणारी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घ्या, आराम करा. सौम्य त्रास एक-दोन दिवसांत ओसरतो. लक्षणं पूर्ण जाईपर्यंत वर चढायचं नाही, आणि ती वाढत असतील तर खाली उतरायचं. गोळीने डोकं दुखायचं थांबलं म्हणून पुढे निघणं ही सर्रास होणारी आणि महागात पडणारी चूक आहे.

ऑक्सिमीटरच्या एका आकड्यावर विसंबू नका. गार बोटांवर किंवा नेलपॉलिश असताना तो चुकीचं दाखवतो. ऑक्सिजनचे छोटे फवारा-डबे काही मिनिटांत संपतात, त्यांच्या भरवशावर वर थांबू नका.

दोन गोष्टी जिवावर बेततात. बसल्या जागीही धाप लागणं, खोकला, पुढे फेसाळ किंवा गुलाबी थुंकी, म्हणजे फुप्फुसात पाणी साचतंय. बोलण्यात गोंधळ, विचित्र वागणं किंवा झोकांड्या जाणं, म्हणजे मेंदूला सूज येतेय. शंका आली तर त्या व्यक्तीला मागच्या पायाच्या अंगठ्याला पुढच्या पायाची टाच लावत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल जात असेल तर सकाळची वाट पाहू नका, सुरक्षित वाट असेल तर रात्रीच खाली न्या. किमान ३०० ते १००० मीटर, किंवा लक्षणं कमी होईपर्यंत उतरा. ऑक्सिजन सिलिंडर मिळाला तर वाटेतही चालू ठेवा आणि थेट डॉक्टरांकडे पोहोचवा. फुप्फुसाचा त्रास असलेल्याला शक्यतो चालवू नका, कारण श्रमाने तो वाढतो. गाडी मिळवा किंवा उचलून न्या, ऊब द्या, आणि कोणालाही एकटं खाली धाडू नका.