गोव्यात घर बघण्याआधी एवढं वाचा

नोकरीसाठी गोव्यात येणारी आपली माणसं पहिलं विचारतात, "पणजीत घर कितीला पडेल?" मी म्हणतो, आधी सांगा, रोज कामाला कुठे जाणार?

2011 च्या जनगणनेत पणजी महापालिकेच्या हद्दीत 40,017 लोक होते. हद्दीला चिकटून वाढलेली वस्ती धरून जो नागरी समूह मोजला, तो 1 लाख 14 हजारांवर गेला. नागरी अर्थशास्त्र याहून वेगळी रेघ मारतं: कोण कुठून कामाला येतो, ते बघा. अमेरिकेत एखाद्या काउंटीतले (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) किमान 25 टक्के नोकरदार मध्यवर्ती भागात कामाला जात असतील, तर ती काउंटी महानगर क्षेत्रात धरतात. आपल्या राज्यघटनेत महानगर क्षेत्राला 10 लाख लोकसंख्या लागते, म्हणून कागदावर गोव्यात एकही नाही. पण सकाळी मडगावच्या स्टँडवर पणजी शटल बसची रांग बघा. म्हापसा, फोंड्यालाही तेच चित्र. माझ्या मते गोव्याचं खरं शहर या रस्त्यांवर पसरलंय.

म्हणून घर कामाच्या वाटेवर घ्या, नावावर जाऊ नका. माझ्या ओळखीच्या कोल्हापूरच्या जोडप्याने "पणजीला लागून" म्हणून पर्वरीत फ्लॅट घेतला. नोकऱ्या दोघांच्याही वेर्ण्याला. म्हणजे रोज जाताना मांडवी आणि जुवारी दोन्ही नद्या ओलांडायच्या, येतानाही तेच. शेवटी तोटा सोसून फ्लॅट विकला. एजंट "दहा मिनिटं" म्हणतो ती रविवारची. सोमवारी सकाळी साडेआठला स्वतः गाडी घेऊन जा. पुन्हा सांगतो, सोमवारी, टोकन देण्याआधी.

दुसरं, शहरासारखं दिसतं तिथे नगरपालिका असेलच असं नाही. लोकसंख्या किमान 5,000, दर चौरस किलोमीटरला 400 लोक आणि तीन चतुर्थांश कामकरी पुरुष शेतीबाहेर, एवढं जुळलं की जनगणना गावाला शहर म्हणते. 2011 मध्ये गोव्यात अशी 56 जनगणना शहरं होती. कायद्याने शहर ठरलेली फक्त 14. राज्य 62 टक्के नागरी ठरलं ते असं. पर्वरीत विधानसभा आहे, टॉवर आहेत, पण कारभार सुकूर, पेन्ह द फ्रान्स, साल्वादोर द मुंद या पंचायतींचा. कचरा, घरपट्टी, बांधकाम परवाना, सगळं तिथेच. त्यामुळे घरमालकाला पंचायत कोणती, हे आधीच विचारून ठेवा.

भाड्याने राहणार असाल तर भाडेकरू पडताळणीचा फॉर्म घरमालकाकडून पोलिसांत लगेच जाईल हे बघा.

आपली मंडळी पुण्याशी तुलना करत कुरकुरतात, मंडळाच्या गणपतीत हिरिरीने राबतात, पण आपल्या वॉर्डाचा पंच कोण हे त्यांना ठाऊक नसतं. याचा मला मनापासून राग येतो. इथे राहायचं ठरलं असेल तर मतदार यादीत नाव घाला. पंचायत हद्दीत राहत असाल तर नाव आलं की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य झालात. तिथे जा, आणि तुमच्या गल्लीत ओला कचरा कोणत्या वारी उचलतात, ते सरपंचांनाच विचारा.