पुस्तक पडताळणीसाठी क्यूटीमधली चेकलिस्ट

आमचं वाचनालय शासनाच्या वर्गवारीत ब वर्गातलं. मार्च जवळ आला की पुस्तक पडताळणी सुरू होते. एकजण कपाटाशी उभा राहून दाखल क्रमांक (प्रत्येक प्रतीला दिलेला वेगळा नोंदणी क्रमांक) पुकारतो, दुसरा वहीत त्या क्रमांकासमोर बरोबरची खूण करतो. शेवटी खूण नसलेली पुस्तकं एकतर वाचकांकडे असतात, नाहीतर बाइंडिंगला गेलेली, नाहीतर गहाळ. हे काम संगणकावर घ्यायला मी पायथॉन आणि पायसाइड६ वापरून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. क्यूटी हे खिडक्या, बटणं, याद्या बनवायचं साधन, आणि ते पायथॉनमधून वापरायची जोडणी म्हणजे पायसाइड६. त्याचा सगळा भार एका चेकलिस्टवर, म्हणजे प्रत्येक ओळीपुढे खुणेचा चौकोन असलेल्या यादीवर आहे. ती कशी बांधायची ते सांगतो. फंक्शनांची नावं इथे देवनागरीत आहेत, कोडमध्ये ती नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच लिहायची.

पायथॉनसोबतच येणाऱ्या टीकिंटर या खिडक्या बनवायच्या साधनावर हात बसलेले लोक विचारतात, तिथेच का नाही? टीकिंटरमध्ये सुटं चेकबटण मिळतं, चौकोनांसकट सरकणारी यादी तयार मिळत नाही. टिक्स या त्याच्या जोडमॉड्यूलमध्ये चेकलिस्ट होती, पण पायथॉन ३.६ पासून ते मॉड्यूल कालबाह्य ठरलं आणि ३.१३ मध्ये काढूनच टाकलं. जुन्या धड्यात टिक्सचं उदाहरण दिसलं तर त्यामागे लागू नका.

क्यूटीमध्ये ‘चेकलिस्ट’ नावाचा वेगळा विजेट (पडद्यावरचा तयार घटक) नाही. साधा क्यूलिस्टविजेट, म्हणजे यादीचा विजेट, घ्यायचा आणि त्यातल्या प्रत्येक आयटमला (ओळीला) चौकोन द्यायचा. नवशिके इथेच अडतात. ‘आयटमइजयूजरचेकेबल’ हा फ्लॅग (‘याला खूण करता येते’ असं सांगणारी सेटिंग) आयटमला मुळातच लावलेला असतो, तरीही पडद्यावर चौकोन दिसत नाही. तो दिसतो सेटचेकस्टेट बोलावल्यावर, कारण खुणेची अवस्था ठरवलेलीच नसेल तर क्यूटी काही काढत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आयटम तयार करा, सेटचेकस्टेटने ‘अनचेक्ड’ द्या, मग अ‍ॅडआयटमने यादीत घाला. यादीत घालण्याआधी अवस्था ठरवली की ‘आयटमचेंज्ड’ हा सिग्नल (आयटम बदलल्याची क्यूटीने दिलेली सूचना) उगाच वाजत नाही. आयटम बनवतानाच यादी त्याची पालक (पॅरेंट) म्हणून दिली तर तो लगेच यादीत जातो, आणि मग प्रत्येक सेटचेकस्टेटला सिग्नल सुटतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. खूण पुस्तकाची असते, ओळीची नसते. यादीतली सातवी ओळ म्हणजे कुठलं पुस्तक, हे क्रमवारी बदलली की बदलतं. शीर्षकावरही विसंबता येत नाही, एकाच कादंबरीच्या चार प्रती असतात आणि त्यातली एकच हरवलेली असते. म्हणून प्रत्येक आयटमवर सेटडेटा वापरून ‘यूजररोल’खाली, म्हणजे पडद्यावर न दिसणाऱ्या माहितीच्या कप्प्यात, दाखल क्रमांक ठेवा. पडद्यावर शीर्षक, लेखक, काय हवं ते दाखवा, पण खूण कुठे नोंदवायची हे ठरवताना फक्त तो क्रमांक वाचा. ओळीचे क्रमांक फाईलमध्ये साठवून पुढच्या वेळी त्यावरून खुणा परत लावणारा कोड मी पाहिला आहे. मधे दोन पुस्तकं दाखल झाली की त्याच्या पुढच्या सगळ्या खुणा सरकतात, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

क्रमवारी लावायची असेल तर आणखी एक गोष्ट. क्यूलिस्टविजेट मजकूर म्हणून तुलना करतो, त्यामुळे ‘१००’ हा ‘९९’च्या आधी येतो. आयटमचा उपवर्ग करून त्यात ‘लहान आहे का’ ही तुलना स्वतः लिहा आणि दाखल क्रमांकाचं इंटमध्ये (पूर्णांकात) रूपांतर करून तपासा. पायथॉनचा इंट देवनागरी अंक थेट समजतो, ‘१००’ दिलं की शंभरच मिळतात. नोंदवहीतले आकडे मराठीत टाइप केलेले असले तरी ते बदलत बसावं लागत नाही.

खूण झाली की काय करायचं? आयटमचेंज्ड सिग्नलला एक फंक्शन जोडा. त्यात आयटमचा दाखल क्रमांक आणि चेकस्टेट वाचा, आणि एसक्यूलाइट या एका फाईलमधल्या डेटाबेसच्या तक्त्यात त्याच क्षणी लिहून कमिट (पक्की नोंद) करा. ‘सेव्ह’चं बटण ठेवू नका. आमच्याकडे दुपारी वीज जाते आणि संगणकाला यूपीएस नाही. दोन कपाटं मोजून झालेली बाई पुन्हा पहिल्या कपाटापाशी उभी राहिली, तर तिचा या प्रोग्रॅमवर पुन्हा विश्वास बसणार नाही. एका खुणेला एक कमिट, एवढा खर्च या कामात जाणवत नाही.

हा सिग्नल खुणेपुरता नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. मजकूर, रंग, टूलटिप, काहीही बदललं तरी तो सुटतो. सापडलेल्या पुस्तकाची ओळ हिरवी करायची म्हणून त्याच फंक्शनात पार्श्वभूमी बदललीत, तर ते फंक्शन पुन्हा बोलावलं जातं. रंग बदलण्याआधी यादीवर ब्लॉकसिग्नल्स खरं करा, नंतर खोटं करा. हे यादीवरच करायचं, तिच्या मॉडेलवर, म्हणजे यादीमागची माहिती सांभाळणाऱ्या भागावर नाही. मॉडेलचे सिग्नल अडवले तर पडद्यावरची ओळ ताजी होत नाही.

खूण आहे का हे तपासताना ‘इफ आयटम.चेकस्टेट()’ एवढ्यावर थांबू नका. आताच्या पायसाइडमध्ये ही अवस्था पायथॉनची एनम (ठरावीक नावांच्या किमतींचा प्रकार) असते आणि एनमचा साधा सदस्य इफमध्ये नेहमी खराच ठरतो, मग तो ‘अनचेक्ड’ का असेना. ‘चेक्ड’शी सरळ तुलना करा.

वापरणाऱ्यांना समजावून सांगावी अशी गोष्ट म्हणजे निळी पट्टी आणि बरोबरची खूण वेगळ्या आहेत. ओळीच्या मजकुरावर क्लिक केलं की ओळ निवडली जाते, खूण होत नाही. खूण चौकोनावर क्लिक करून किंवा स्पेसबार दाबून होते. शिफ्ट धरून दहा ओळी निवडल्या आणि स्पेस दाबला, तरी जिच्यावर फोकस आहे त्या एकाच ओळीची खूण बदलते. गठ्ठ्याने खुणा करायची गरज असेल तर वेगळं बटण द्या आणि सिलेक्टेडआयटम्सवर लूप फिरवा. मजकुरावर क्लिक केल्यावरही खूण व्हावी म्हणून कुणी आयटमक्लिक्ड सिग्नल जोडतात. तो चौकोनावर क्लिक केल्यावरही सुटतो, त्यामुळे खूण होऊन लगेच पुसली जाते. त्यापेक्षा स्टाइलशीटमध्ये (दिसण्याचे नियम लिहायच्या जागी) इंडिकेटरची, म्हणजे त्या चौकोनाची, रुंदी-उंची वाढवून तो मोठा करा. आमच्या ग्रंथपालबाईंना चष्म्यातूनही तो नीट दिसतो.

शोधपेटी देणार असाल तर न जुळणाऱ्या ओळी सेटहिडनने लपवा. यादी रिकामी करून पुन्हा भरली तर त्यातले आयटम आणि त्यांच्या खुणा दोन्ही जातात, लपवलेल्या ओळीची खूण शाबूत राहते. गठ्ठ्याचं बटण लपलेल्या ओळींना हात लावणार नाही, याची काळजी इजहिडन तपासून घ्या.

कपाटवार मांडणीला क्यूट्रीविजेट, म्हणजे फांद्यांसारखी यादी दाखवणारा विजेट, फार शोभतो. कपाट पालक, पुस्तकं त्याखाली. कपाटाच्या आयटमला ‘आयटमइजऑटोट्रायस्टेट’ फ्लॅग लावला की काही पुस्तकं सापडली असता त्याचा चौकोन अर्धवट दिसतो, सगळी सापडली की पूर्ण. पण नुसतं एवढंच केलं तर कपाटावर एक क्लिक आणि आतल्या सगळ्या पुस्तकांवर खूण. पडताळणीत हे चालणार नाही, प्रत्येक प्रत हातात घेऊन पाहायची असते. म्हणून कपाटाच्या आयटमवरून यूजरचेकेबल फ्लॅग काढून टाका. चौकोन पोरांच्या, म्हणजे आतल्या पुस्तकांच्या, अवस्थेवरून दिसत राहतो, क्लिक मात्र लागत नाही. या विजेटमधली माझी सगळ्यात आवडती सोय हीच.

काही हजार पुस्तकांपर्यंत लिस्टविजेट पुरतो. सेटयुनिफॉर्मआयटमसाइझेस खरं केलं की सरकवणं आणखी हलकं होतं. त्यापुढे क्यूलिस्टव्ह्यू आणि स्वतःचं मॉडेल लिहा: फ्लॅग्जमध्ये यूजरचेकेबल, डेटामध्ये चेकस्टेटरोलला उत्तर, मॉडेलच्या सेटडेटामध्ये नोंद बदलून डेटाचेंज्ड हा सिग्नल सोडणं. या सेटडेटाला अवस्था आकड्यात येते, ० म्हणजे खूण नाही, २ म्हणजे आहे, तेव्हा तिचं आधी चेकस्टेटमध्ये रूपांतर करा.

गहाळ पुस्तकांची यादी काढताना विजेटमधल्या ओळी मोजू नका. एसक्यूलाइटला विचारा: दाखल नोंदवहीतले सगळे क्रमांक, त्यातून खूण झालेले वजा, देवघेव नोंदीत वाचकांच्या नावावर असलेले वजा, बाइंडिंगला गेलेले वजा. उरलेले क्रमांक शीर्षकासह कागदावर छापा आणि त्या कागदानिशी कपाटं पुन्हा एकदा पाहा, कारण चुकीच्या कप्प्यात सरकलेली पुस्तकं याच फेरीत हाती लागतात.