इकॉनॉमिक्सचा प्रोफेसर व्हायचंय? आधी वागळे इस्टेटला जाऊन या

आमच्या सोसायटीतली एक मुलगी, टीवायबीएला आहे, परवा लिफ्टमध्ये म्हणाली, काका मला बँका, इनोव्हेशन आणि ग्रोथ यावर रिसर्च करायचाय, प्रोफेसर व्हायचंय, सुरुवात कुठून करू. मी म्हटलं वागळे इस्टेटपासून, ठाण्यातली ती कारखान्यांची वसाहत. तिला वाटलं चेष्टा करतोय.

चेष्टा नाही. तिथे माझ्या मामांचा टर्निंगचा, म्हणजे धातू कापून पार्ट बनवायचा गाळा आहे. लेथ (त्याच कामाचं मशीन) घ्यायला लोन मागितलं तर मिळालं, कारण लेथच तारण. पुढे मामांनी एक नवीन जिग (पार्ट नीट धरून ठेवायचं साधन) डोक्यातून काढला, तो बनवून बघायला सहा महिने आणि थोडे पैसे लागणार होते, तर मॅनेजर म्हणाला तारण काय देताय? आता कागदावरचं ड्रॉइंग कोण तारण ठेवून घेतं. या विषयाचा अर्धा गाभा इथेच आहे बघा, जुनं मशीन गहाण पडतं, नवीन आयडिया पडत नाही, म्हणून इनोव्हेशनला पैसा कोण देतो हा प्रश्न उरतो.

आता वाचायचं काय. शुंपीटर नावाचा अर्थशास्त्रज्ञ १९११ मध्येच लिहून गेला की नवीन काही करू पाहणाऱ्याच्या हातात पैसा देणारा बँकर हा प्रगतीचा मोठा खेळाडू आहे. १९९३ मध्ये किंग आणि लेव्हाइन यांनी ८० देशांचा १९६० ते १९८९ चा डेटा घेऊन दाखवलं की जिथे बँका वगैरे जास्त विकसित तिथे पुढची ग्रोथही जास्त. पण जोन रॉबिन्सन बाईंनी १९५२ लाच उलटं म्हणून ठेवलं होतं, धंदा पुढे जातो आणि पैसा त्याच्या मागे येतो. मग खरं काय? इथे अडकलात की समजा विषय लागला.

यावरचा मला सगळ्यात आवडलेला रिसर्च पेपर राजन आणि झिंगालेस यांचा, १९९८ चा (हो, तेच रघुराम राजन, नंतर आरबीआय गव्हर्नर झाले ते). त्यांनी देश देशाशी न भिडवता धंदे धंद्यांशी भिडवले. औषध कंपन्यांना बाहेरून भरपूर पैसा लागतो, तंबाखूवाल्यांना जवळपास लागतच नाही, तर जिथे बँका आणि शेअर बाजार चांगले आहेत त्या देशात औषधासारखे धंदे तंबाखूसारख्या धंद्यांच्या मानाने जास्त वेगाने वाढतात का, एवढंच त्यांनी तपासलं. वाढतात. महापे-रबाळेच्या बाजूला राहणाऱ्यांनी टीटीसीमधून, म्हणजे तिथल्या एमआयडीसीतून जाताना पाट्या वाचा, कुठल्या कंपनीला बाहेरचा पैसा लागत असेल याचा अंदाज करा, भारी टाइमपास आहे.

गणिताबद्दल कडू बोलतो. बीए-बीकॉमच्या गणितावर हे होत नाही. लिनियर अल्जेब्रा, कॅल्क्युलस, प्रोबॅबिलिटी हे एमएच्या आधीच करून घ्या, मी नंतर केलं आणि दोन वर्षं रडलो. एमएसाठी गोरेगावची आयजीआयडीआर ही संशोधन संस्था आहे, आरबीआयने १९८७ मध्ये काढलेली, एन्ट्रन्स कठीण. कलिना, म्हणजे मुंबई विद्यापीठ आहे, ठाण्याहून किंवा वाशीहून कुर्ल्यापर्यंत लोकल आणि पुढे बस किंवा रिक्षा. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) पण बघा.

डेटा मात्र आजपासूनच हाताळा. आरबीआयचा डेटाबेस फुकट, भारतातले पेटंट ऑनलाइन शोधता येतात तेही फुकट, आर (R) हे डेटा तपासायचं सॉफ्टवेअर फुकट. कंपन्यांच्या बॅलन्स शीटसाठी सीएमआयई या खासगी कंपनीचा प्रोव्हेस हा डेटाबेस लागतो, तो महाग, कॉलेजचं सबस्क्रिप्शन आहे का विचारा. सरावाला बर्जेस आणि रोहिणी पांडे यांचा २००५ चा पेपर घ्या. १९७७ ते १९९० आपल्याकडे नियम होता, जिथे आधीच बँक आहे तिथे एक ब्रँच हवी असेल तर जिथे एकही बँक नाही अशा ठिकाणी चार उघडा. त्यावरून त्यांनी खेड्यात बँका उघडल्याने गरिबी कमी झाली असं दाखवलं, पुढे त्यावर वादही झाले, ते वाद पेपरइतकेच वाचा.

मग पीएचडी, पाच-सहा वर्षं धरा. अमेरिकेतल्या चांगल्या ठिकाणी बहुतेक वेळा फी माफ आणि वर स्टायपेंड मिळतो, इथे नेट परीक्षेतून जेआरएफ (रिसर्चसाठीची फेलोशिप) काढा. असिस्टंट प्रोफेसर व्हायला नेट, सेट (राज्याची तशीच परीक्षा) किंवा पीएचडी. त्यानंतर आयुष्यभर जर्नलांना पेपर पाठवणं आणि ते नाकारून परत येणं. माझा एक अकरा महिन्यांनी दोन ओळींच्या मेलसकट परत आला होता, त्या दिवशी गावदेवीला जाऊन दोन वडापाव खाल्ले आणि झोपलो. २०२५ चं नोबेल मोकिर, अगियों आणि हॉविट यांना इनोव्हेशन आणि ग्रोथवरच मिळालं, त्यातल्या अगियों-हॉविटचा मुख्य पेपर १९९२ चा. हिशोब करा किती थांबावं लागतं.

ती मुलगी शनिवारी खरंच गाळ्यात गेली. मामांना विचारलं, व्याज किती पडतं? मामा म्हणाले, व्याजाचं सोड गं, कायद्याने ४५ दिवसात पेमेंट यायला हवं ना, मोठी पार्टी नव्वद दिवस लावते, त्याचं विचार. तिने वहीत पहिलं वाक्य खोडलं आणि परत लिहायला घेतलं.