गुऱ्हाळं विझली तरी माझा फॉर्म येईना

प्रपोजल कसं लिहायचं, लिटरेचर रिव्ह्यू कुठून सुरू करायचा, हे मी सांगत बसणार नाही. ऑनलाइन एम.ए. करत तुम्ही डिझर्टेशनपर्यंत (शेवटच्या प्रबंधापर्यंत) आलात म्हणजे तेवढं तुम्हाला येतंच. मला सांगायचंय ते एथिक्सच्या फॉर्मबद्दल, म्हणजे संशोधनासाठी माणसांशी बोलण्याआधी विद्यापीठाची मंजुरी मागायच्या फॉर्मबद्दल. त्याने माझे चार महिने खाल्ले. अजूनही ‘एथिक्स’ हा शब्द कुठे वाचला की पोटात गोळा येतो.

मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत नोकरी करते. एम.ए. इंग्लंडमधल्या विद्यापीठाचं, सगळं ऑनलाइन. अभ्यास रात्री साडेनऊनंतर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. डिझर्टेशन पंधरा हजार शब्दांचं आणि गाईडबरोबर एकूण सहा तासांच्या ऑनलाइन भेटी. सहा तास एका दिवसाचे नव्हेत हो, सगळ्या वर्षाचे! पहिल्या भेटीतला अर्धा तास मी ‘मॅडम’ म्हणू की नावाने हाक मारू, याच विचारात घालवला. तुम्ही घालवू नका. त्या लोकांना नावाने हाक मारलेली चालते.

विषय मला शोधावा लागला नाही. माझं माहेर करवीर तालुक्यातलं. आमच्या बांधाला लागून गुऱ्हाळ होतं, शाळेतून आलो की डबा घेऊन काकवी आणायला पळायचो. आता त्या जागेवर मंगल कार्यालय आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तरी आमच्या भागातली गुऱ्हाळं एकेक करून बंद पडत गेली. नाव झालं, मग धंदा का मिटतोय, एवढाच माझा प्रश्न होता. अर्थात एवढ्यावर यायलाही दोन महिने गेले. आधी मी ‘कोल्हापूर जिल्ह्यातील गूळ उद्योग : एक अभ्यास’ असं दणदणीत शीर्षक पाठवलं होतं. ‘यात प्रश्न कुठला?’ एवढीच ओळ लिहून गाईडने ते परत पाठवलं. तेव्हा राग आला होता. पण असं परत येणं सगळ्यांच्या वाट्याला येतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

घाबरायचं पुढे आहे.

आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळं पेटतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतात. मालक, गूळ शिजवणारा गुळव्या, चुलवाणात (भट्टीत) चिपाडं सारणारी माणसं सगळी एका जागी भेटतात ती एवढ्याच दिवसांत. एरवी गुऱ्हाळघराला कुलूप आणि मजूर कुठल्या कुठे. मी विचार केला, प्रपोजल मंजूर झालंय, हंगाम सुरू आहे, निघा. डिसेंबरात रविवारचा दिवस धरून स्कूटरवरून फिरले आणि अकरा मुलाखती घेतल्या. नऊ तासांचं रेकॉर्डिंग झालं. मी जाम खुश होते.

त्यातली एक मुलाखत मला अजून शब्दन्‌शब्द आठवते. गावाचं नाव सांगत नाही, का ते कळेलच. संध्याकाळची वेळ, काहिलीतला (मोठ्या कढईतला) रस फुगून वर आलेला, भेंडीचं पाणी टाकल्यावर वर आलेली मळी गुळव्या झाऱ्याने काढतोय. मालक माझ्या वडिलांच्या ओळखीचे, मी त्यांना आबाच म्हणते. बोलता बोलता ते सहज म्हणाले, ‘नुसत्या उसावर परवडतंय कुठलं बाई. साखरंचं पोतं वततोय की आदणात. सगळीच वतत्यात.’ मोबाईल समोर होता, रेकॉर्डिंग चालू होतं. आदण म्हणजे काहिलीत उकळणारा रस. माझ्या अख्ख्या प्रश्नाचं उत्तर त्या तीन वाक्यांत होतं. घरी येऊन रात्रीच गाईडला मेल टाकला, अगदी उड्या मारत.

उत्तरात तीन प्रश्न आले. एथिक्सच्या मंजुरीचा क्रमांक काय? या गृहस्थांना माहितीपत्रक देऊन सही घेतली होती का? रेकॉर्डिंग कुठे ठेवलं आहे?

पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘नाही’. तिसऱ्याचं उत्तर ‘मोबाईलमध्ये’. आणि मोबाईल मुलाच्या टॅबला जोडलेला. म्हणजे आबांचा कबुलीजबाब आमच्या घरात कार्टूनच्या शेजारी पडला होता.

इथे जरा रेंगाळते, कारण मी अडकले ती हीच जागा. प्रपोजल मंजूर होणं वेगळं आणि एथिक्सची मंजुरी वेगळी. पहिली म्हणजे विषय चांगला आहे, पुढे चला. दुसरी म्हणजे माणसांशी बोलायला हरकत नाही. दोन्ही कागद वेगळे, बघणारे लोक वेगळे, लागणारा वेळही वेगळा. आपल्याकडे एम.ए.च्या प्रकल्पाला बहुतेक ठिकाणी हे कुणी विचारत नाही. प्रश्नावली छापायची, गावात जायचं, भरून आणायची. त्यामुळे हँडबुकमधलं ते पान मी वाचूनही वाचलं नव्हतं. आणि मुख्य म्हणजे ही मंजुरी मागच्या तारखेने मिळत नाही. आधी घेतलेली मुलाखत नंतरच्या मंजुरीत बसवता येत नाही, कितीही चांगली असली तरी. मी भांडले. माणसं स्वखुशीने बोललीत, आमच्या ओळखीची आहेत, हंगाम संपला तर पुन्हा कोण भेटणार, सगळं सांगून पाहिलं. गाईड शांतपणे म्हणाल्या, ओळखीची आहेत म्हणूनच जास्त काळजी घ्यायची. मग अकराच्या अकरा फायली पुसल्या आणि पुसल्याचं लेखी कळवलं. त्या रात्री मी जेवले नाही.

आता वाटतं, बाई बरोबर होती. भेसळीची कबुली देणाऱ्या माणसाचं नाव, आवाज आणि गाव माझ्या फोनमध्ये उघड्यावर पडलं होतं. माझ्या पदवीसाठी त्याच्या दारात उद्या अन्न निरीक्षक उभा राहिला असता तर?

फॉर्म जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भरला. दोनदा परत आला. सही न करू शकणाऱ्या मजुरांची संमती कशी घेणार? अठरा वर्षांखालचं कुणी कामावर दिसलं तर काय कराल? मालकासमोर मजूर मोकळं बोलेल का? सगळे प्रश्न रास्त होते, पण प्रत्येक फेरीला तीन-तीन आठवडे. तोंडी संमती रेकॉर्ड करून चालेल, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं; फॉर्ममध्ये आधीच तसं मागितलं असतं तर एक फेरी वाचली असती. संमतीपत्रही मी आधी ‘सदर संशोधनात स्वेच्छेने सहभागी होण्यास माझी हरकत नाही’ असल्या भाषेत केलं होतं. एका गुळव्याला नमुना म्हणून वाचून दाखवलं तर तो म्हणाला, ‘कर्ज काढतायसा काय माझ्या नावावर?’ मग साध्या बोलीत लिहिलं.

मंजुरी आली मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. नेमकं त्याच महिन्यात आणखी एक झालं. तिकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात. हिवाळ्यात त्यांचे दुपारचे दोन म्हणजे आपले साडेसात, तेच नंतर साडेसहा. मी साडेसातला लॉगिन केलं, तर गाईड वाट बघून गेलेल्या. सहापैकी एक तास असा गेला. कॅलेंडरवर आत्ताच खूण करा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा उलटं होतं.

एप्रिलच्या मध्यावर आबांकडे परत गेले. काहील धुऊन पालथी घातलेली, चुलवाणात राख. आबांनी चष्मा लावून माहितीपत्रक ओळन्‌ओळ वाचलं. ‘हे इंग्लंडला जाणार व्हय?’ म्हणाले. सही केली. मग मी साखरेचं विचारलं. आबा म्हणाले, ‘साखर? छ्या. आमच्यात न्हाई असलं काय.’ आणि माझ्याकडे बघत राहिले. मी वहीकडे बघत ‘बरं’ म्हणाले आणि तसंच लिहून घेतलं.

एवढं सगळं होऊनही डिझर्टेशन झालं, हेही सांगायला हवं. पाच गुऱ्हाळं अजून चालू सापडली, उरलेल्यांशी फोनवर बोलले. वाट बघण्याच्या दिवसांत मात्र मी रडत बसले ते चुकलं. बाजार समितीची आवक, छापील अहवाल, जुनी वर्तमानपत्रं यांना आमच्या विद्यापीठात तसली मंजुरी लागत नव्हती (तरी गाईडला लेखी विचारूनच हात लावा). मार्केट यार्डात प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, तिथे मी फेब्रुवारीत गेले. खरं तर नोव्हेंबरातच जायला हवं होतं. करवीर नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय १८५० पासूनचं. तिथे नुसतं बसलं तरी डोकं थाऱ्यावर येतं, निदान माझं तरी. तुमचा विषय हंगामी असेल, म्हणजे ऊसतोड, यात्रा, पूर, शाळेच्या परीक्षा असलं काही, तर हंगामाच्या पहिल्या दिवसापासून चार महिने मागे मोजा आणि त्या दिवशी फॉर्म भरा. गुळाचा हंगाम ऑक्टोबरात धरला तर जूनमध्ये.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडू आहे. आपल्या गावात झेरॉक्सच्या दुकानात ‘प्रोजेक्ट करून मिळेल का?’ असं विचारलं तर नाही म्हणणारे कमीच. एआयचंही तसंच. मी एकदा त्याला गुळावरचे संशोधनलेख विचारले, त्याने सात दिले. चार कुठेच अस्तित्वात नव्हते. भारतातल्या विद्यापीठांना यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे नियम लागू आहेत: दुसऱ्याच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, त्यापुढे पायरीपायरीने कारवाई, साठ टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द. पण टक्क्यांच्या मागे लागू नका. मराठी पुस्तकातलं उचलून इंग्रजीत आणलं तर सॉफ्टवेअरला कदाचित कळणार नाही, तरी ती चोरीच.

मुलाखती आपोआप टाइप करणारं सॉफ्टवेअरही वापरून पाहिलं, अर्थात फॉर्ममध्ये लिहून. ‘दिवसाला चार आदणं निघत्यात’ याचं त्याने ‘दिवसाला चार अडचणी निघतात’ केलं. तसं खोटं नव्हतं ते. शेवटी हाताने लिहिलं, तासाभराच्या बोलण्याला सहा तास. संदर्भ नोंदवून ठेवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे, पहिल्या दिवसापासून वापरा. याबाबत वाद नको.

गाईडबद्दल एकच. ‘छान चाललंय, लिहीत राहा’ म्हणणारा गाईड मिळाला तर सावध व्हा. माझ्या वर्गातल्या एकीला तसे मिळाले होते. शेवटच्या महिन्यात त्यांनी पहिल्यांदा सगळं वाचलं आणि दुसरं प्रकरण काढून टाकायला सांगितलं. माझ्या बाईंनी मला तीनदा रडवलं, पण वाचून रडवलं. ऑनलाइनमध्ये गाईड आपण होऊन विचारत नाही, हे मात्र खरं. दर पंधरा दिवसांनी मीच मेल टाकायचे: काय झालं, काय अडलं, एक प्रश्न. एकच. पाच विचारले की सोपा तेवढा सुटतो.

निकाल चांगला लागला. माहितीपत्रकात मी सगळ्यांना लिहून दिलं होतं की काय सापडलं ते दोन पानांत मराठीत आणून देईन. आबांनी मध्यंतरी बाजारात गाठून विचारलं, ‘ते कागद कुठायत?’ अजून झालेले नाहीत. दिवाळीच्या पाडव्याला गुळाचे सौदे निघायच्या आत द्यायचे म्हणतेय.