रेसचं आरएक्स इंजिन रस्त्यावर आणताय? आधी ऑइल पंप शोधा

यामाहा आरएक्स १०० बाइकचं रेसमधून उतरवलेलं इंजिन हाताशी आलंय, ते उघडून रोजच्या वापराला लावायचं आहे, अशांसाठी हे लिहितोय. मी हेच केलं. डर्ट ट्रॅकवर पळालेलं इंजिन घेतलं आणि ते रस्त्यावर भरवशाचं व्हायला दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षात दोनदा पिस्टन पकडला, म्हणजे सिलिंडरमध्ये चिकटून इंजिन जाम झालं. दोन्ही वेळा एकाच कारणानं, आणि पहिल्या वेळी ते कारण मला कुणी सांगितलं नाही. टू-स्ट्रोक कसं चालतं, क्रँक-पिस्टन-रीड कुठं असतं हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

सुरुवातीला जे पटकन उरकतं ते सांगतो. रेससाठी ब्लॉकचा (सिलिंडरचा) एक्झॉस्ट पोर्ट वर आणि बाजूला कोरलेला असतो. त्यानं ताकद वरच्या आरपीएमला सरकते आणि खाली इंजिन मेल्यासारखं होतं. ट्रॅकवर ठीक, पण सिग्नलवरून निघताना क्लच जळतो. कोरून काढलेला धातू परत येत नाही. कुणी म्हणेल आतलं अस्तर, म्हणजे नवा स्लीव्ह टाकू, पण स्लीव्हमागचं ॲल्युमिनियमही कोरलेलंच असतं. सरळ मूळ पोर्टचा ब्लॉक शोधा. मूळ बोअर ५० मिमी, तेवढाच स्ट्रोक, ०.२५ च्या पायरीनं ओव्हरसाइज पिस्टन मिळतात, त्यामुळे बोअरमध्ये थोडा जीव उरलेला ब्लॉक बघा. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलेलं असेल तर तेही बदला. पंपावरच्या पेट्रोलवर, भर ट्रॅफिकमध्ये, वारा नसताना ते खडखडणार, आणि त्या खडखडाटात पिस्टनची कड खाल्ली जाते. मॅग्नेट हलका केलेला असतो, लाइटची कॉइल काढलेली असते. मूळ मॅग्नेट परत घाला, नाहीतर हेडलाइटही नाही आणि आयडलही धरत नाही. एक्सपान्शन चेंबर, म्हणजे रेसचा फुगीर सायलेन्सर, काढून मूळ सायलेन्सर लावा. आवाजासाठी तर लावाच, पण मूळ पोर्टला तोच जुळतो.

क्रँकवर पैसे वाचवू नका. कनेक्टिंग रॉड किट, दोन्ही मेन बेअरिंग, दोन्ही ऑइल सील. डावीकडचं, मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर हवा आत ओढली जाते, मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि ॲक्सिलरेटरची मूठ सोडली तरी आरपीएम खाली येत नाही. उजवीकडचं गेलं तर गिअरचं ऑइल आत जातं आणि धूर थांबत नाही. बसवल्यावर इनलेट-एक्झॉस्ट रबरानं बंद करून, रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा लावून हवा भरा. काटा २५० पर्यंत नेऊन पाच मिनिटं बघा. भराभर खाली आला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठं येतात ते शोधा. ही तपासणी फुकटातली आहे, तरी दहातले नऊ मिस्त्री करत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. माझ्या इंजिनाचा ऑटोल्यूब पंप, म्हणजे इंजिनाला वेगळं ऑइल पुरवणारा पंप, काढून जागा पत्र्यानं बंद केलेली होती. रेसवाले पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात, लिटरला ४० ते ५० मिली. मी विचार केला, पंप बिघडला तर इंजिन जाणार, त्यापेक्षा हातानं मिसळलेलं बरं, आणि एवढं ऑइल तर रस्त्याला भरपूरच. सगळ्यांनी मान डोलावली. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बोअर-पिस्टन करून घेतलं, ५०.२५. सावकाश चालवून रनिंग-इन केलं. मग कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघालो. आंबा घाट तिसऱ्या गिअरमध्ये, मूठ पूर्ण सोडून, इंजिनाच्या ब्रेकवर उतरलो. खाली सपाटीला ट्रकच्या पुढं जायला मूठ उघडली आणि मागचं चाक जाम झालं. क्लचवर दोन बोटं होती म्हणून पडलो नाही.

ब्लॉक काढला, पिस्टनच्या स्कर्टवर रुंद ओरखडे. सांगण्यात आलं, बोअर टाइट झाला. मी मानलं, ज्यानं बोअर केला त्याच्याशी भांडलोसुद्धा, आणि ते भांडण आजही मला लागून आहे. पुन्हा बोअर, ५०.५०, या वेळी पिस्टन-बोअरमधला गॅप थोडा मोकळा. तीन महिने काही नाही. पुन्हा तोच घाट, पुन्हा पायथ्याशी पकडला.

तेव्हा एका जुन्या रेसरकडे गेलो. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांनी पिस्टन हातात घ्यायच्या आधी विचारलं, "उतारावर मूठ कुठं होती तुझी?"

हे नीट समजून घ्या, दोनदा वाचा. प्रीमिक्समध्ये, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलं की, ऑइल फक्त पेट्रोलबरोबर आत जातं. मूठ पूर्ण सोडली की कार्ब्युरेटरची स्लाइड खाली बसते आणि पेट्रोल फक्त पायलट जेटमधून, आयडलपुरतं येतं. पण उतारावर चाक इंजिनाला फिरवत असतं. समजा ५,००० आरपीएम. म्हणजे पिस्टन सेकंदाला ८३ वेळा वर-खाली जातोय, आणि त्याला ऑइल मिळतंय उभ्या गाडीच्या मानानं. तुम्ही लिटरला ४० टाका नाहीतर ५०, पेट्रोलच येत नसेल तर ऑइल कुठून येणार? पेट्रोलच्या गारव्यानं पिस्टन आतून निवतो, तोही थांबतो. असं चार-पाच मिनिटं चाललं की भिंतीवरचा ऑइलचा थर विरत जातो. खाली येऊन मूठ उघडता, एकदम उष्णता वाढते, पिस्टन फुगतो आणि कोरड्या भिंतीला चिकटतो. म्हणून ते घाटात होत नाही, घाट संपल्यावर होतं. म्हणून कुणाला उताराचा संशय येत नाही.

ट्रॅकवर असा उतार नाही. मूठ बंद असते ती वळणाआधीच्या दोन-तीन सेकंदांपुरती. तिथं प्रीमिक्स योग्यच आहे.

ऑटोल्यूब पंप क्रँकवरून फिरतो. इंजिन जितकं फिरेल तितका पंप फिरतो, आणि मुठीची केबल फक्त प्रत्येक ठोक्याचं माप कमी-जास्त करते. मूठ बंद असली तरी किमान माप सुटतंच. उतारावर ५,००० आरपीएम असेल तर त्या हिशेबानं ऑइल येत राहतं. यामाहानं हा पंप हौस म्हणून बसवलेला नव्हता.

तर ब्लॉकच्या आधी पंप शोधा. आतली गती देणारी गिअर शाबूत आहे का बघा, केबल आणि (ऑइल उलटं येऊ न देणाऱ्या) चेक वाल्व्हसह घ्या. बसवल्यावर ब्लीडचा (हवा काढायचा) स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्या. केबल जुळवताना पुलीवरची खूण जागेवर येते का पाहा. पंपापासून इंजिनाकडे जाणारी नळी कोरडी असते, म्हणून पहिल्या टाकीला पेट्रोलमध्येही लिटरला २० मिली ऑइल मिसळा. धूर होईल, होऊ द्या. मी ती नळी पारदर्शक लावलीय आणि प्रवासाआधी तिच्यात बुडबुडा नाही ना ते बघतो.

घाबरवायचा हेतू नाही. प्रीमिक्सवर वर्षानुवर्षं गाडी चालवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं काही बिघडत नाही. सपाट रस्ता असेल, पायलट जेट मोकळं असेल, उतारावर मूठ अधूनमधून उघडायची सवय असेल. माझं पायलट थोडं लीनही होतं, हे नंतर कळलं. पंप मिळेपर्यंत तुम्हीही चालवू शकता, फक्त घाटात दर चार-पाच सेकंदांनी क्लच दाबून मूठ उघडायची, ब्रेकवर जास्त भरवसा ठेवायचा.

ऑइलबद्दल एक. रेसचं एरंडेल मिश्रित ऑइल भारी असतं, पण गाडी आठवडाभर उभी राहिली की रिंगांच्या खाचेत डिंकासारखं चिकटतं. रेसवाले सतत इंजिन उघडतात, तुम्ही उघडणार नाही. जासो या जपानी मानकाच्या एफडी दर्जाचं टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल घ्या. टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं बोटींच्या पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं, स्वस्त दिसलं तरी नको. आणि आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यानं जुन्या जेटवर मिश्रण लीन होतं. मेन जेट एखादी पायरी मोठं करा आणि प्लगचा रंग बघून ठरवा. चॉकलेटी असेल तर मिश्रण बरोबर, पांढरा दिसला तर लीन, त्याच दिवशी थांबा.

शिकायचं कुणाकडून? माझं मत ठाम आहे. "चालतंय, टाक" म्हणणारा कितीही सफाईदार हाताचा असो, त्याच्याकडे इंजिन देऊ नका. गाडी कशी, कुठं, कोणत्या रस्त्यानं चालवता हे जो आधी विचारतो, त्याच्याकडे द्या. व्हिडिओ बघून इंजिन जोडता येतं, मीही पहिल्यांदा तसंच जोडलं. पण कॅमेऱ्यासमोर सगळी इंजिनं स्टँडवर सुरू होतात, घाट उतरताना कुणी दाखवत नाही.

कागदांचंही बघा. क्रँककेस बदलली की इंजिन नंबर बदलतो आणि आरसीवर त्याची नोंद लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्याबद्दल आहे. ही इंजिनं १९८५ ते १९९६ मधली, म्हणजे गाडीची फेरनोंदणीही चालू हवी. नंबर घासलेली केस कितीही स्वस्त असो, उचलू नका.

आता माझा ब्लॉक ५०.७५ वर आहे. पंप लावून आंबा घाट सहा वेळा उतरलो, दोनदा मुद्दाम मूठ सोडून. दर वेळी घाटाखाली साखरप्याला थांबून प्लग काढतो. अजून तरी चॉकलेटी निघतोय.