जुन्या ट्रकमध्ये इंजिन बदलताय? मोठ्या कार्ब्युरेटरच्या मोहात पडू नका

कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) जितका मोठा तितकी ताकद जास्त, हा समज खिशाला महागात पडतो. आधी साधं गणित करा: इंजिनाचे क्यूबिक इंच (त्याचं आकारमान) गुणिले कमाल आरपीएम (मिनिटाला फेरे), भागिले ३४५६. उत्तर येतं सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा लागते ते. शेव्ही ३५० ला (शेव्रोलेचं ३५० क्यूबिक इंचाचं इंजिन) ५००० आरपीएमवर सुमारे ५०६ सीएफएम येतात, आणि रोजच्या वापरातलं इंजिन तेवढीही हवा पूर्ण ओढत नाही. म्हणजे ६०० सीएफएमचा, व्हॅक्यूम सेकंडरीचा (म्हणजे जास्तीची हवेची तोंडं इंजिनाच्या गरजेप्रमाणे आपोआप उघडणारा) कार्ब्युरेटर भरपूर झाला. जड गाडी आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर मेकॅनिकल सेकंडरी (ती तोंडं थेट पेडलने उघडणारी) टाळाच.

मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरपर्यंत मिश्रण नेणारा भाग) ड्युअल-प्लेनच, म्हणजे आतून दोन वेगळ्या मार्गांचाच घ्या. ट्रकला ओढ लागते ती खालच्या आरपीएमवर. एकाच मोकळ्या मार्गाचा सिंगल-प्लेन दिसायला झकास, पण तो रेसवाल्यांना लखलाभ!

पैसे खरे वाया जातात ते न जुळणाऱ्या भागांवर. शेव्ही ३५० च्या १९९६ पासूनच्या व्होर्टेक हेडला (सिलिंडरवर बसणारा वरचा भाग) मॅनिफोल्डचे बोल्ट आठ, जुन्या हेडला बारा. एकाचा मॅनिफोल्ड दुसऱ्यावर बसत नाही. क्वाड्राजेट कार्ब्युरेटर असेल (त्याची पुढची दोन तोंडं लहान, मागची दोन मोठी) तर त्याच मापाचा स्प्रेड-बोअर मॅनिफोल्ड लागतो. ७००आर४ हा जीएमचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर टीव्ही केबलचा (थ्रॉटल व्हॉल्व्ह केबल, कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सला जाणारी) ब्रॅकेट कार्ब्युरेटरबरोबरच घ्या. केबल चुकीची लागली तर गिअरबॉक्स जळू शकतो.

वापरलेला कार्ब्युरेटर घेताना थ्रॉटल शाफ्ट (हवेची झडप फिरवणारा दांडा) हलवून बघा. तिथे खेळ जाणवला तर सोडून द्या, कारण रिबिल्ड किटने ती झीज भरून निघत नाही. बाकी गॅस्केट, फ्लोट वगैरे किरकोळ.