जुनी टूरिंग मोटारसायकल निवडताना वॉरंटीचा हिशेब

लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी बनवलेल्या गाडीच्या मीटरवर मोठा आकडा दिसला, म्हणून ती लगेच नाकारू नये. महामार्गावर एका लयीत धावलेले आणि वेळेवर देखभाल झालेले इंजिन, वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या कमी किलोमीटरच्या गाडीपेक्षा बहुधा अधिक भरवशाचे असते. कारण उभ्या गाडीत पेट्रोल शिळे होऊन इंधनमार्ग तुंबतो, रबरी सील कडक होतात आणि बॅटरी निकामी होते. टायरच्या कडेवरील ‘DOT’ने सुरू होणाऱ्या संकेतांकाचे शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. शाफ्टची, म्हणजे चेनऐवजी फिरत्या दांड्याने मागचे चाक चालवणारी गाडी असल्यास तेलगळती आणि चेनची असल्यास स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या चक्राचे) दात अवश्य पाहावेत.

वॉरंटीच्या बाबतीत पहिला प्रश्न ती नव्या मालकाच्या नावे हस्तांतरित होते का, हा असावा. निर्मात्याची उरलेली वॉरंटी आणि विक्रेत्याने वेगळे पैसे घेऊन दिलेला सेवा-करार या भिन्न गोष्टी आहेत. करारात वगळलेल्या भागांची यादी आधी वाचावी, कारण टायर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट यांसारखे झिजणारे भाग सहसा त्या यादीत असतातच. मर्यादा वर्षे व किलोमीटर यांपैकी जी आधी संपेल ती लागू होत असल्याने, भरपूर फिरणाऱ्याच्या हाती कागदावरच्या दोन वर्षांपैकी काही महिनेच उरू शकतात. देखभालीच्या पावत्या नसतील तर दावा फेटाळला जाण्याची शक्यता असते. माझ्या मते, पूर्ण नोंदी असलेली वॉरंटीविना गाडी ही नोंदींविना वॉरंटी असलेल्या गाडीपेक्षा सरस ठरते. मात्र महागड्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असल्यास वॉरंटीचे पारडे जड होते.